खाटेला बांधलेला विमा

‘मानसिक आजाराला विमा नाही, ही ओरड आता जुनी झाली,’ असे म्हणणाऱ्यांच्या हातात कागद असतात. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा विमा कंपन्यांना शरीराच्या आणि मनाच्या आजारांत भेद करू देत नाही. आयुष्मान भारतच्या यादीत मनोविकारांची पॅकेजेस आहेत, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे कवच आहे. कागद खरेच आहेत. पण कार्ड घेऊन रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘पेशंट ॲडमिट आहे का?’ नसेल, तर बोलणे तिथेच संपते.

आणि मनोविकाराचा बहुतेक पेशंट ॲडमिट नसतोच. त्याचा उपचार म्हणजे महिन्याची फेरी, गोळ्या, समुपदेशन. लिथियम चालू असेल तर मधूनमधून रक्ताची तपासणी. हा सगळा खर्च खिशातून. पैशाअभावी गोळ्या सुटल्या, आजार उसळला, माणूस रात्री-अपरात्री घराबाहेर पडू लागला, की मग खाट मिळते आणि विमाही जागा होतो. घरी सोडल्यावर औषधे 15 दिवसांची. नैराश्यावरच्या गोळ्यांना गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात!

‘ओपीडीला विमा कशाला? सरकारी रुग्णालयात ती फुकटच आहे.’ हा आक्षेप वजनदार आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट 2023पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे पडत नाहीत, आणि हे चांगलेच झाले. पण देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही. जिल्ह्याच्या गावी जायचे तर पेशंटची आणि सोबत्याची, दोघांचीही मजुरी बुडते. तालुक्याला आठवड्यातून एकदा बसणारा खाजगी डॉक्टर जवळ असतो. त्याच्याकडे कार्ड चालत नाही.

उरली खोट्या बिलांची भीती. ती निराधार नाही, पण खाटेने ती कुठे टळली? ‘कॅग’च्या 2023च्या अहवालात आयुष्मान भारतमधलेच सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते.

शिवाय खाटेचा नियम अटळ आहे असेही नाही. डायलिसिसचा पेशंट सकाळी येतो, चार तास मशीनला लागतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. योजना त्याचे पैसे भरते. मूत्रपिंडासाठी जे जमले, ते मनासाठी का जमू नये? कामगार विमा योजनेत तर दवाखान्यातली साधी तपासणी आणि औषधे कित्येक दशके मिळत आली आहेत, आणि दीर्घ आजाराच्या रजेसाठीच्या यादीत स्किझोफ्रेनियाही आहे. दर फेरीचे बिल नको असेल तर पेशंटमागे महिन्याची ठरावीक रक्कम बांधून द्या. तेवढ्यात भेट, गोळ्या, समुपदेशन, रक्ततपासणी सगळे बसवा. आणि आरोग्यमित्राला पहिला प्रश्न बदलून द्या: ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?’