लाळेतून निदान? जरा सबुरीने

एंडोमेट्रिओसिसचे निदान लाळेच्या नमुन्यावरून करणारी 'एंडोटेस्ट' ही चाचणी फ्रान्समध्ये २०२५ पासून सार्वजनिक खर्चाने मिळू लागली. मात्र ती सरसकट सर्वांसाठी नाही. सुमारे २५ हजार स्त्रियांसाठी, ठरावीक रुग्णालयांत आणि डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय यांतून उलगडा झाला नाही तरच ती करायची आहे. ही अट का, हे आपल्याकडेही समजून घेण्यासारखे आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर वाढतात. पाळीत असह्य दुखते, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होतात, मूल राहण्यात अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. निदानाला मात्र अनेकदा वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच रक्तात, लघवीत किंवा लाळेत आजाराची खूण, म्हणजेच बायोमार्कर, शोधण्याची धडपड सुरू आहे.

यातली सर्वांत परिचित खूण म्हणजे रक्तातील सीए-१२५. एंडोमेट्रिओसिसमध्ये ती वाढते. पण पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये, अंडाशयाच्या कर्करोगात आणि आपल्याकडे दिसणाऱ्या पोटाच्या क्षयरोगातही ती वाढते. उलट, आजार सुरुवातीचा असेल तर ती बहुधा नॉर्मल येते. त्यामुळे वाढलेल्या आकड्याने आजार सिद्ध होत नाही आणि नॉर्मल आकड्याने तो नाकारता येत नाही. उपचार चालू असताना आकडा उतरला तरी वेदना कमी होतीलच असे नाही.

२०१६ मध्ये कॉक्रेन संस्थेने १४१ अभ्यासांतील १२२ रक्तखुणा तपासल्या. दैनंदिन वापरासाठी एकीचीही शिफारस करता आली नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही निदानासाठी बायोमार्कर वापरू नयेत असेच सांगतात.

एंडोटेस्ट लाळेतील १०९ मायक्रोआरएनएंचा एकत्रित नमुना पाहते. पहिल्या अभ्यासातील निकाल उत्तम होते. पण त्यात दोनशेच स्त्रिया होत्या आणि त्या सर्वांना ओटीपोटाचा जुना त्रास होता. काहीच त्रास नसलेल्यांत अशी चाचणी केली तर गणित बदलते. समजा, एखादी चाचणी आजारी आणि निरोगी अशा दोघींनाही ९० टक्के अचूक ओळखते. हजार स्त्रियांत १०० जणी आजारी असतील तर त्यांतल्या ९० सापडतील. पण ९०० निरोगी स्त्रियांपैकीही ९० जणींवर आजाराचा शिक्का बसेल. म्हणजे अहवाल 'पॉझिटिव्ह' आलेल्या निम्म्या जणींना आजार नसेलच!

शिवाय निदानाला उशीर होतो तो केवळ चाचणी नाही म्हणून नव्हे. 'पाळीत दुखायचेच, लग्नानंतर थांबेल' असे सांगून मुलींना घरातूनच गप्प केले जाते. दवाखान्यातही वेदनाशामक गोळी देऊन बोळवण होते. पूर्वी दुर्बिणीतून तपासल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. आता युरोपीय सूचनांनुसार लक्षणांवरून औषधोपचार सुरू करता येतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असे मानायचे नाही.

दर महिन्याला शाळा, कॉलेज किंवा काम बुडत असेल, गोळी घेऊनही दुखणे थांबत नसेल, शौचाच्या वेळी कळा येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. स्वतःहून सीए-१२५ करून घेऊन त्या आकड्याने घाबरून किंवा निर्धास्त होऊन बसू नये.