एका अक्षराची किंमत कोणी मोजावी?

नोव्हेंबर महिना जवळ आला की गावोगावचे माजी सैनिक हयातीचा दाखला देण्याच्या तयारीला लागतात. आपण जिवंत आहोत हे शासनाला दर वर्षी पटवून देणे, हा निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेला विधी आहे आणि त्याबद्दल फारशी तक्रारही कोणी करीत नाही. परंतु यांपैकी काहींना आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते. ज्याने शिपाई म्हणून शपथ घेतली, पंधरा-वीस वर्षे पलटणीत काढली आणि ज्याच्या नावे निवृत्तिवेतनाचा आदेश निघाला, तो इसम आपणच, ही ती गोष्ट होय. सेवापुस्तकात एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या खात्यात तिसरे, अशी अवस्था झाली की जन्मभर ज्या नावाने हाक मारली गेली तेच नाव संशयास्पद ठरते.

हा घोळ बहुधा कोणाच्या लबाडीतून झालेला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. त्यापूर्वी खेड्यात जन्मलेल्या मुलापाशी जन्माचा दाखला क्वचितच असे. भरतीच्या वेळी तो जे नाव सांगे ते लेखनिक ऐकू येईल तसे रोमन लिपीत उतरवून घेई. मराठी माणसाचे नाव तीन पदरी. स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. त्यातले एखादे पद गळाले तरी त्या वेळी कोणाला खटकत नसे. शिवाय उच्चारांची गंमत निराळीच. समजा, सातारा जिल्ह्यातील एखादा ज्ञानदेव भरतीला उभा राहिला. मराठीतला ‘ज्ञ’ हिंदी भाषक लेखनिकाच्या कानाला ‘ग्य’ वाटतो आणि ज्ञानदेवाचा कागदोपत्री ‘ग्यानदेव’ होतो. पत्नीच्या बाबतीत तर गुंता अधिकच. लग्नात ताटातल्या तांदळांवर तिचे नवे नाव लिहिले जाते. नोंदीत मात्र कधी माहेरचे नाव जाते, कधी सासरचे, तर कधी ‘बाई’ हा प्रत्यय तेवढा गळतो. पती हयात आहे तोवर ही चूक झाकलेली राहते. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावर ती नेमकी उघडी पडते, आणि ती निस्तरण्याचे काम एका वृद्ध विधवेच्या माथी येते.

पूर्वी अशा चुका फारशा नडत नसत. कोषागारातील किंवा बँकेतील कारकून माणसाला चेहऱ्याने ओळखे, पुस्तिकेवरील छायाचित्र पाही, अंगठा घेई आणि पैसे हाती ठेवी. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय हयात-दाखल्याची व्यवस्था आली. त्यानंतर संरक्षण दलांतील निवृत्तिवेतनाचे काम बँकांकडून काढून ‘स्पर्श’ या केंद्रीय प्रणालीकडे नेण्यात आले. या बदलाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतनधारकाला आपली नोंद स्वतः पाहता येते, ही सोय लहान नव्हे. तथापि संगणकाला माणूस ओळखता येत नाही. त्याला अक्षरे जुळतात की नाही एवढेच कळते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची सुप्त चूक त्यामुळे एकाएकी जागी झाली.

दुरुस्तीचा मार्ग आहे. तो बंद आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रतिज्ञापत्र करावे, मागणी झाल्यास वृत्तपत्रात जाहिरात द्यावी, शाळेचा दाखला, डिस्चार्ज बुक आणि ओळखीचे पुरावे जोडून आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज पाठवावा. ते कार्यालय पडताळणी करते आणि त्यानंतर निवृत्तिवेतनाचा सुधारित आदेश प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयातून निघतो. कागदावर हे सरळ दिसते. पण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला तालुक्याच्या गावच्या दोन फेऱ्याही जड जातात. अर्जात एखादी त्रुटी निघाली की तो परत येतो आणि सारे चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. चूक दुरुस्त करण्याचा खर्च कोणी सोसावा? ज्याला ती सर्वांत कमी खर्चात सुधारता येते त्याच्यावर तो भार असावा, हे तत्त्व न्यायाला धरून आहे आणि व्यवहारालाही. सैनिकाचे भरतीपत्रक, बोटांचे ठसे, शरीरावरील ओळखखुणा, वडिलांचे नाव, गाव, हे सर्व अभिलेख कार्यालयाच्या दप्तरी आहे. नोंद शासनाने केली, ती जपलीही शासनानेच. मग ती चुकल्याचा भुर्दंड मात्र ज्याच्या हाती त्यातला एकही मूळ कागद नाही, त्याने भरावा, हा कोणता हिशेब?

सावधगिरीची गरज कोणी नाकारीत नाही. मृताच्या नावे निवृत्तिवेतन उचलण्याचे प्रकार घडू शकतात आणि सार्वजनिक पैशाला तोतयांपासून जपणे हे लेखा खात्याचे कर्तव्यच आहे. परंतु चूक दोन प्रकारची असते. अपात्राला पैसे गेले ही एक चूक. पात्र माणसाचे पैसे अडले ही दुसरी. पहिलीवर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. दुसरीची नोंद कोठेच होत नाही. साहजिकच कारकुनाला दुसरी चूक सुरक्षित वाटते. निवृत्तिवेतन ही कृपेने दिलेली बक्षिसी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात स्पष्ट केले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठावर होते. हक्क असेल तर तो अडविण्याचे कारण देण्याची जबाबदारीही अडविणाऱ्याचीच ठरते.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक सैनिकाला भरतीच्या वेळी मिळालेला क्रमांक सेवापुस्तकात आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात असतो. तो क्रमांक, बोटांचे ठसे आणि जुनी नोंद जुळत असतील, तर स्पेलिंगचा फरक ही केवळ लेखनिकाची चूक मानून अभिलेख कार्यालयाने ती आपणहून सुधारावी. संपूर्ण नाव किंवा वडिलांचे नावच वेगळे असेल तेथे अवश्य कसून चौकशी व्हावी. पण चौकशी चालू असताना निवृत्तिवेतन थांबू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज आणि मूळ कागद एकदाच तपासले जावेत आणि पुढचा पत्रव्यवहार त्या कार्यालयाने करावा. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम करून राज्याच्या अधिसूचित सेवांना मुदतीचे बंधन घातले. केंद्राच्या अभिलेख व लेखा कार्यालयांनाही नावदुरुस्तीपुरती तरी अशी मुदत घालून देणे अवघड नाही.

१९६५ आणि १९७१ साली या माणसांना आघाडीवर धाडताना त्यांच्या नावातील अक्षरे कोणी ताडून पाहिली नव्हती. क्रमांक पुकारला, त्यांनी ‘हाजिर’ म्हटले आणि तेवढे पुरेसे ठरले. आज त्यांपैकी जे हयात आहेत त्यांचे दिवस मोजके उरले आहेत, आणि ज्यांच्या विधवा मागे आहेत त्यांचीही वये झाली आहेत. दुरुस्तीला लागणारा प्रत्येक महिना त्या मोजक्या दिवसांतून वजा होतो, हे संबंधित खात्याने ध्यानात घ्यावे.