तक्रार असावी, बदनामी नसावी

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रमुख प्रवेशद्वार. येथून गाभा क्षेत्रात जाणाऱ्या पर्यटकांना मोबाइल वापरण्यास मनाई आहे. 'वाघ येथे आहे' असे एकाने कळवले की साऱ्या जिप्सी तिकडेच धावतात आणि त्या प्राण्याला निघून जाण्यास वाट उरत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाहनांनी एका वाघिणीला व तिच्या पाच बछड्यांना असेच घेरले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

ऑनलाइन खेळांच्या जगात माणसालाही असेच घेरले जाते. म्हणूनच तेथील अनेक समूहांत एक नियम असतो : सहखेळाडूवर नाव घेऊन जाहीर आरोप करू नये, तक्रार व्यवस्थापनाकडे करावी. आपल्या घरातील मुलांना ही मुस्कटदाबी वाटते. मात्र नियमामागील कारणे आम्हांला विचार करण्याजोगी वाटतात.

हरलेल्याचा संशय म्हणजे पुरावा नव्हे. ऑनलाइन बुद्धिबळात प्रत्येक चालीस लागलेला वेळ, संगणकाच्या चालींशी असलेले साम्य, आधीच्या शेकडो डावांची नोंद हे सारे तपासावे लागते. ही साधने व्यवस्थापनाकडे असतात, प्रेक्षकांकडे नव्हे. शिवाय 'मी फसवले नाही' हे सिद्ध करणे निर्दोष खेळाडूला जवळजवळ अशक्य असते.

सप्टेंबर २०२२ मध्ये हान्स नीमनकडून हरल्यावर मॅग्नस कार्लसनने स्पर्धा सोडली आणि जगभर संशयाचे वादळ उठले. नीमनने पूर्वी काही ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचे मान्य केले. परंतु त्या डावातील लबाडीचा पुरावा पुढे आला नाही. पुढे माजी जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनी डॅनियल नारोडित्स्की या अमेरिकन ग्रँडमास्टरविषयी जाहीर संशय व्यक्त केला. त्याने तो नाकारला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या २९व्या वर्षी तो मरण पावला. त्या मृत्यूचे कारण आरोपांत शोधणे उचित नाही. मात्र त्यानंतर जागतिक बुद्धिबळ संघटनेने क्रामनिक यांच्या जाहीर वक्तव्यांचा विषय आपल्या नीतिविषयक आयोगाकडे नेला.

मग अन्यायाविषयी बोलूच नये काय? नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये लिहिले, की प्रेक्षक महिला खेळाडूंच्या चालींऐवजी त्यांचे कपडे, केस व उच्चार पाहतात. तिने दोष उघड केला, पण कोणा एकाला गर्दीच्या हाती दिले नाही. २०२५ मध्ये तिने महिला विश्वचषक जिंकला.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने हाच क्रम शिकवला आहे : चुकलेल्या बंधूशी प्रथम एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत घ्यावे, शेवटी मंडळीला सांगावे. हा क्रम मौनात संपत नाही, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे. जेथे तक्रारी धूळ खात पडतात, तेथे हा नियम लबाडांचे कवच बनतो. जाहीर आरोपास बंदी घालणाऱ्याने तक्रार तत्परतेने ऐकण्याचे बंधनही स्वीकारावे.

खेळात कुणी फसवले म्हणून आपले मूल चिडून आले, तर त्याला शांतपणे दोन प्रश्न विचारू या : तू हे पाहिलेस, की तुला तसे वाटले? आणि हे तू कोणाला सांगणार आहेस, न्याय करू शकणाऱ्याला, की केवळ गर्दीला?