स्मिथी शॉपची किल्ली कोणाकडे आहे?

मित्रांनो (आणि हे पान चुकून उघडलेल्या सरांनो),

आधीच सांगून टाकतो, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होतो. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पोटात घाला. इंग्लिश सेक्शनला लिहिणं सोपं होतं. पण मग वर्कशॉपच्या मामांनी आणि मेसच्या मावशींनी हे वाचलं नसतं, आणि या प्रकरणात ते दोघं आमच्यापेक्षा महत्त्वाचे आहेत.

प्रकरण बहुतेकांना माहीत आहे. गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी होस्टेलमागच्या पडक्या शेडमध्ये सुऱ्या बनवायचा उद्योग सुरू केला आणि रेक्टर सरांनी तो बंद केला. माझं मत विचाराल तर सरांनी बंद केला ते बरोबरच केलं. पण नुसतं बंद करून विषय संपत नाही.

मुळात आम्ही शेडमध्ये का गेलो? एफ.ई.ला आपण सगळ्यांनी फिटिंगचा जॉब केला. त्यातले किती जॉब आपण स्वतः घासले आणि किती बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्याने, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. स्मिथी शॉपमध्ये एक एस-हूक केला, जर्नलवर सही झाली, शॉपला कुलूप. पुढची तीन वर्षं आपण ‘मेकॅनिकलचे’!

सुरी करायची तर हत्यारं हवीत. विकतची परवडत नाहीत, म्हणून हत्यारंच करायची ठरली. अमेरिकेत डेव्हिड गिंजरी नावाच्या माणसाने भंगारातून वर्कशॉप उभं करण्यावर सात पुस्तकं लिहिली. पहिल्यात कोळशाची भट्टी, मग त्या भट्टीत ओतलेल्या भागांतून लेथ, आणि मग पुढची मशिन्स. आम्ही लेथपर्यंत पोचलो नाही, पण सुरुवात भट्टीपासूनच केली. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप, पाइपला हेअर ड्रायर आणि वर लोणारी कोळसा. झाला भाता! ऐरणीसाठी रुळाचा तुकडा मिळत होता, पण रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग ट्रकचा तुटका ॲक्सल बादलीभर काँक्रीटमध्ये उभा केला. स्टीलसाठी कमानीचा पाटा. आपल्याकडचे लोहार कोयते करतात तोच.

खरी मजा बेल्ट ग्राइंडरची. भंगारातली १ एच.पी.ची मोटर, २८८० आर.पी.एम. तिला मिळेल ती ८ इंची पुली लावली. एमरीचा पट्टा चढवला की सुटून बाहेर! पाच वेळा. शेवटी टी.ओ.एम.ची नोट्स काढली. ‘क्राउनिंग ऑफ पुली’, दोन मार्कांचा प्रश्न. पुली मधोमध किंचित फुगीर असेल तर पट्टा आपोआप त्या उंचवट्याकडे सरकतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, दोन पैकी दोन पडले होते, आणि मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. मग वेगाचा हिशोब केला. ८ इंचाला पट्टा सेकंदाला ३० मीटर पळतो, पातं हातात धरवत नाही. ४ इंचाला १५ मीटर. तिथे जमलं.

पहिलं पातं लालभडक तापवून तेलात बुडवलं (मेसचं वडे तळलेलं तेल, दोन दिवस शेडला बटाटेवड्याचा वास होता). कानस फिरवली तर ती नुसती घसरली. आम्ही खूश! टेंपरिंग उद्या करू म्हटलं. रात्री पातं हातातून फरशीवर पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले, काच फुटावी तसे. मार्टेन्साइट ठिसूळ असतं हे पुस्तकात आहे. पण ते फरशीवर ऐकू आलं.

दुसऱ्या पात्याला वर्कशॉपचे मामा आले. त्यांचे वडील गावात लोहारकाम करायचे. ते म्हणाले, “आधी टोक शेवटून घे.” मला वाटलं शेवट करून टाक म्हणतायत! शेवटणे म्हणजे तापवून, ठोकून टोक आणि धार काढणे. त्यांनी स्पीकरचं मॅग्नेट पात्याला लावायला शिकवलं. चिकटायचं बंद झालं की आणखी थोडं तापवायचं, मग पाणी द्यायचं. ७७० डिग्रीला लोखंडाचं चुंबकत्व जातं हे आम्हाला आकड्यासकट पाठ होतं. मामांना आकडा माहीत नव्हता. टेंपरिंगसाठी मागच्या बेकरीवाल्या काकांनी पाव काढल्यावर ओव्हन दिला, दोनशे डिग्री, दोन तास.

आता वाईट भाग. तो लपवला तर माझ्या मागणीला काही अर्थ नाही.

भट्टीचा पाइप जी.आय.चा होता. तापल्यावर त्यातून पांढरा धूर यायचा आणि आम्ही त्यात वाकून फुंकर घालायचो. तो जस्ताचा धूर. त्या रात्री दोघांना थंडी वाजून ताप आला. मामांनी पाहिल्या पाहिल्या तो पाइप काढायला लावला. पण ग्राइंडरच्या दिवशी मामा नव्हते. चौघांत गॉगल एकच होता. माझ्या रूम पार्टनरच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला. गॉगल माझ्या डोळ्यांवर होता. डॉक्टरांनी कण काढला, डोळा वाचला, पण ती रिक्षातली वीस मिनिटं मी विसरणार नाही.

सर म्हणतात, म्हणूनच बंद. मी म्हणतो, आम्ही चोरून करत होतो म्हणून एकच गॉगल होता. उघडपणे करत असतो तर मामा समोर उभे असते, स्मिथी शॉपचा एक्झॉस्ट असता, फर्स्ट एड बॉक्स असता. शेडला कुलूप लागलं, पण ग्राइंडर कुठे आहे हे सरांना आजही माहीत नाही. (मी सांगणार नाही.) पुढच्या बॅचला तो सापडेल, आणि त्यांच्याकडे बहुधा एकही गॉगल नसेल.

सुरी म्हणजे हत्यार, असंही काही स्टाफचं म्हणणं आहे. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरकामाची व शेतीची अवजारं वगळली आहेत. आमचं पातं ६ इंची, कांदा चिरायचं. हवं तर प्रत्येक पात्यावर नंबर ठोका, रजिस्टर ठेवा, सुरी होस्टेलवर न्यायला बंदी करा. सगळं कबूल.

मागणी एवढीच. शनिवारी दुपारी दोन ते पाच स्मिथी शॉप उघडा. मामा हजर असतील तरच, आणि त्यांना त्या तीन तासांचा ओव्हरटाइम द्या, फुकट राबवू नका. गॉगलचे पैसे आम्ही काढू. अर्जावर आत्तापर्यंत एकतीस सह्या झाल्या आहेत, त्यात पहिली माझ्या रूम पार्टनरची आहे.

आणि सर, ती दुसरी सुरी अजून तुमच्या कपाटात आहे. ती मावशींसाठी केलेली होती. त्या रोज जेवण वाढताना विचारतात.