शब्दांचे कूळ : बिट

मुले संगणकाच्या वर्गात 'बिट' पाठ करतात. घरी अर्थ विचारला की आईबाप गप्प, कारण शब्द इंग्रजी! अहो, तो जेवणातलाच आहे. 'बाइट' म्हणजे चावणे. दाताने तोडलेला घास तो 'बिट'. पुढे कुठलाही बारीक तुकडा बिट झाला. मोहाडीच्या राईस मिलमधली कनकी डोळ्यांपुढे आणा.

संगणकातला बिट मात्र 'बायनरी डिजिट'चे लघुरूप, म्हणजे ० किंवा १. जॉन टुकी यांनी सुचविलेला हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या लेखात छापला गेला. आठ बिटांचा एक 'बाइट'. बिटशी घोटाळा नको म्हणून त्याचे स्पेलिंग मुद्दाम बदलले.

वनरक्षकाचे 'बीट' या कुळातले नव्हे. ती पायाखालची ठरलेली फेरी.