लेकराच्या हाती खुरपं कशासाठी?



आपलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात दिवस उजाडला की मिरची तोडायला जाणाऱ्या बायांची घाई सुरू होते. अशाच एक ताई शाळेतल्या परसबागेचा विषय निघाला तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊ, आमचा जलम खुरप्यात गेला. लेकरू साळंत घातलं, ते बी खुरपंच धराया का?"

प्रश्न खोटा नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. शाळेत कोणाच्या हाती झाडू आणि कोणाच्या हाती पुस्तक, हे आपल्या पिढ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून परसबागेची पहिली अट ही की, पाळी सर्वांची, हजेरीपटाप्रमाणे. दुसरी अट, त्या कामातून धडा शिकवला गेलाच पाहिजे. नाहीतर ती वेठबिगारच होय.

धडा कोणता? मी कारकून माणूस, आधी हिशेब पाहतो. वाफा मोजला की क्षेत्रफळ आलं. मेथीचे शंभर दाणे पेरून उगवलेले मोजले की शेकडेवारी आली. चवळीचं रोप उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या की हवेतला नत्र पिकाला कसा मिळतो ते कळतं. मधमाशा आल्या नाहीत तर भोपळ्याला फळ धरत नाही, हे ज्या पोराने डोळ्यांनी पाहिलं, ते उद्या फवारणीच्या डब्यावरची सूचना वाचल्याशिवाय झाकण उघडणार नाही.

केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण परसबागेच्या सूचना काढल्या. बागेतली भाजी मुलांच्याच दुपारच्या जेवणात पडावी, हा त्यामागचा हेतू. पाण्याचं म्हणाल, तर २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्हा विसरलेला नाही. हात धुतलेलं पाणी चर काढून वाफ्यात सोडलं, तर तोही एक धडाच.

आणखी एक. मिरचीचं रोप कधी उपटावं, कसं लावावं, हे त्या ताईंना पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक आहे. एक दिवस त्यांना वर्गापुढे उभं करा. आपल्या आईला शिकवताना लेकराने पाहू द्या.

तेव्हा पुढच्या पालकसभेला जरूर जा आणि दोन वह्या मागा, एक पाळीची, दुसरी हिशेबाची. दोन्ही चोख असतील, तर लेकराला खुशाल मातीत हात घालू द्या.