सावतोबाचा दाखला



ज्येष्ठ निम्मा सरला की गावच्या पारावर दोनच चौकश्या असतात. पाऊस कुठवर आला, आणि यंदा वारीला कोण कोण निघाले. ह्या दोन्ही चौकश्या एकाच वेळी याव्यात ही आपल्या पंचांगाची गंमत म्हणा, नाहीतर परीक्षा म्हणा. तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते, माउलींची दुसऱ्या दिवशी अष्टमीला आळंदीहून. मग तीन आठवड्यांच्या आसपास चालणे, आणि आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूर. नेमके हेच दिवस मृगाचे आणि आर्द्राचे. बी घरात, तिफण दारात आणि टाळ खुंटीला. माणसाने आधी काय उचलावे?

बरे, दर वर्षी हिशेब सारखा बसतो असेही नाही. पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात, म्हणून मृग जूनच्या सात-आठ तारखेलाच निघतो. एकादशी मात्र चंद्रावर. २०२३ साली आळंदीहून प्रस्थान ११ जूनला झाले आणि एकादशी आली २९ जूनला. त्या वर्षी पाऊस लांबला होता. राज्याच्या बऱ्याच भागात तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात उतरला, म्हणजे वारकरी पंढरपूरच्या जवळ पोचले तेव्हा मागे घरी वाफसा आला. पुढे अधिक श्रावण मध्ये पडला आणि २०२४ ची एकादशी १७ जुलैला गेली. दोन वर्षांत अठरा दिवसांचा फरक. अठरा दिवसांत कपाशी टोबून उगवून येते, दुबार पेरणी करायची की नाही तेही ठरून जाते.

आणि मुलूख पाहावा लागतो तो वेगळाच. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात मुख्य पीक रब्बीची ज्वारी. ती पेरायची उत्तरा-हस्तात. तिकडच्या माणसाला आषाढ त्या मानाने मोकळा. वऱ्हाडातल्या किंवा मराठवाड्यातल्या कपाशी-सोयाबीनवाल्याला तसे नाही. त्याचे वर्षच ह्या तीन आठवड्यांत ठरते. म्हणून ‘भक्ती असेल तर वेळ मिळतोच’ असे जे कीर्तनात ऐकवतात, ते ऐकवणाऱ्याच्या नावावर सातबारा आहे का, हे मला नेहमी विचारावेसे वाटते. पेरणी चुकली तर एकादशीच्या फराळाला शेंगदाणाही उधारीचाच येईल. तेव्हा पेरणीसाठी जो थांबला त्याची भक्ती कमी, असे मी कधी म्हणणार नाही.

अशा थांबणाऱ्यासाठी आपल्याकडे सावतोबाचा दाखला आहे. सावता माळी अरणचे. अरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले गाव. पंढरपूर तिथून दिवस-दीड दिवसाच्या चालीवर. इतक्या जवळ राहून सावतोबा वारीला गेले नाहीत, मळ्यातच राबले आणि मळ्यातच देव पाहिला, असे परंपरा सांगते. अभंग त्यांचे थोडेच हाती आले, सदतीस. पण त्यांतला भाजीपाल्याचा अभंग माहीत नाही असा शेतकरी शोधून सापडणार नाही. आषाढ वद्य चतुर्दशीला, इ.स. १२९५ साली, ते अरणलाच समाधिस्थ झाले. बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि पांडुरंगाची पालखी अरणला येते, हा मान दुसऱ्या कोणत्या शेतकऱ्याला मिळाला? एवढा मोठा धीर शेतात राबणाऱ्याला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

हे सगळे मला मान्य आहे. माझे भांडण दाखल्याशी नाही. तो कोण कुणाला देतो, त्याच्याशी आहे.

आता जरा घरातल्या गोष्टीकडे येऊ. घरातली बाई म्हणते, औंदा मी वारीला जाऊ का? तेव्हा घरातून काय उत्तर येते ते आठवा. नवरा म्हणतो, मुलगा म्हणतो, कधी सासूही म्हणते, ‘अगं, सावतोबा कधी गेला होता का पंढरीला? आपलं काम तोच आपला देव.’ झाले! बाई चुलीकडे वळते. सातशे वर्षांपूर्वीच्या संताचे नाव घेऊन आपण दोन वेळच्या भाकरीची आणि धारेची सोय लावून घेतलेली असते. आणि गंमत अशी, की त्याच घरातला पुरुष माळकरी असेल तर त्याच्या वारीच्या वेळी सावतोबा आठवत नाही. त्याच्या वेळी आठवतात ते नामदेव.

माझे वडील माळकरी होते. त्यांच्या आषाढी वाऱ्या एकतीस झाल्या. आईची एकही नाही. वडील निघाले की राहिलेली पेरणी आई आणि आमचा सालगडी मिळून उरकीत. तिफणीमागे चाड्यावर मूठ आईची असे, आणि मूठ अशी की रोपाला रोप मोजून घ्यावे. वडील परत आले की ती गरम पाणी घेऊन दारात उभी राही. त्यांचे पाय धुई, ते पाणी डोळ्यांना लावी. वारी करून आलेल्याचे पाय धुतले की धुणारालाही वारी घडते, अशी समजूत. मग वडील बुक्का लावीत, चुरमुऱ्यांचा प्रसाद देत आणि ओसरीवर बसून वाखरीच्या रिंगणात घोडा कसा धावला ते सांगत. ऐकायला निम्मी आळी गोळा होई. आई आतून ऐके, कारण चहा ठेवायचा असे.

ती दुःखी होती असे मी सांगत नाही. ती देवाची फार भाविक, तिच्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय आम्हांला न्याहारी मिळत नसे. पण ‘माझी वारी धुण्याच्या पाण्यातून होते’ असे ती हसून म्हणायची, त्या हसण्यात काय काय होते ते तिचे तिला ठाऊक. पुढे कार्तिकात एकदा मावशीबरोबर दोन दिवस एस.टी.ने पंढरपूरला जाऊन आली. ती दोन दिवसांची गोष्ट तिने दहा वर्षे सांगितली.

इथे कुणी म्हणेल, जनाबाईला जात्यावर देव भेटला की नाही? भेटला. पण जनाबाई नामदेवांच्या घरी पंढरपुरातच राहत होती हो! राऊळ हाकेच्या अंतरावर. आपल्या घरातली बाई पंढरपूरपासून शंभर कोसांवर दळते आहे, हे हिशेबात घ्या. आणि सावतोबांच्याच घरची एक कथा सांगतात. सासुरवाडीचे पाहुणे आले आणि सावतोबा भजनात दंग, पाहुण्यांकडे लक्षच नाही. बायको भारी रागावली, मग त्यांनी गोड बोलून तिची समजूत घातली. कथा सांगणारे समजूत कशी घातली ते रंगवून सांगतात. पाहुण्यांना वाढले कुणी, ते सांगत नाहीत.

न जाणे आणि जाऊ न देणे ह्यांतला फरक वारकरी पंथाला शिकवावा लागू नये. चोखोबा मंगळवेढ्याचे. आयुष्यभर विठोबाला आळवले, आणि त्यांची समाधी आहे महाद्वारासमोर, बाहेर. त्यांना कुणी ‘देव तुझ्या कामातच आहे, आत कशाला यायचे’ असे म्हटले असते, तर ते वाक्य खरे असूनही खोटे ठरले असते. ते दार दलितांना उघडायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला. साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा ते उघडले. बाईमाणसाला देवळाचे दार बंद नव्हते. तिचे दार घरचे. शिऊरच्या बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांतून सांगून ठेवले आहे, तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने किती मारले ते. सतराव्या शतकातली गोष्ट. मारहाण नको, नुसता सावतोबाचा दाखला पुरतो, एवढी प्रगती आपण केली आहे म्हणायची.

सावतोबा गेले नाहीत, कारण त्यांना जावेसे वाटले नाही. त्यांचा शब्द त्यांनी स्वतःपुरता, स्वतःच्या मळ्यात उभे राहून उच्चारला. तोच शब्द मुलाने आईला सुनावला की त्याचा अर्थच पालटतो. ‘मला इथेच देव भेटला’ हे भक्ताचे बोलणे. ‘तुला इथेच भेटेल, बस गप’ हे घरधन्याचे.

आमच्या शेजारच्या काकूंनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी हा विषय घरात काढला. पेरणी, खुरपणी, लेकीचे बाळंतपण, नातवाची शाळा, असे करता करता अठरा वर्षे गेली होती. थोरल्याने दाखला दिला. काकू म्हणाल्या, ‘द्येव हितंबी हाय, मला ठावं न्हाई व्हय रं? पर एक डाव मला चालत जायाचंय. आन् ते दीस भाकरी झाली का म्हून मला कुणी इचारू ने.’

थोरला गप्प झाला. मी तिथेच बसलो होतो, मीही गप्प. देवाविषयी इतके सरळ बोललेले मी फार कीर्तनांतही ऐकलेले नाही.

काकू त्या वर्षी गेल्या. गावातल्या दिंडीत भिशी भरली, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन निघाल्या. परत आल्यावर त्यांनी रिंगणाचे फारसे सांगितले नाही. दोन गोष्टी सांगितल्या. एक, पंगतीत बसल्यावर कुणी अनोळखी पोराने पत्रावळ मांडून गरम आमटी वाढली आणि ‘घ्या माउली’ म्हणाला. दुसरी, एका मुक्कामावर आपल्या मुलाएवढा माणूस त्यांच्या पाया पडला, मग त्या त्याच्या पडल्या. वारीत असे एकमेकांच्या पाया पडतातच, ते काही नवे नाही. पण काकूंना सांगताना थांबावे लागले. (सगळ्याच दिंड्यांत असे आयते ताट मिळते असे समजू नका. काही दिंड्यांत बायाच पहाटे उठून पोळ्या लाटताना मी पाहिल्या आहेत. भिशी भरण्याआधी तेवढे विचारून घ्यावे.)

आता कामाचे बोलू, कारण नुसते ‘जाऊ द्या’ म्हणून गाय दूध देत नाही. काकूंच्या घरी ते तीन आठवडे कसे निघाले ते सांगतो. धार थोरल्याने काढली. पहिले चार दिवस म्हैस पान्हवेना, डेअरीत दूध कमी भरले. पाचव्या दिवसापासून सुरळीत. खुरपणीसाठी शेजारच्या दोन घरांशी सावड केली, काकू परतल्यावर त्यांच्याकडे फेड झाली. भाकऱ्या सुनेने थापल्या, पण सुनेवर सगळा भार पडला तर वारीचे पुण्य जाते कुणाकडे, म्हणून धाकटा रोज संध्याकाळी कालवण करायला शिकला. पहिल्या दिवशीचे कालवण कुत्र्याने खाल्ले की नाही ह्यावर घरात अजून वाद आहे.

तीन आठवडे जमत नसतील तर वेळापूरपासून पुढचे शेवटचे दिवस चालणाऱ्याही पुष्कळ असतात, त्यांना कुणी कमी लेखत नाही. आषाढी अगदीच पेरणीत सापडत असेल तर कार्तिकी आहे, माघी आहे, चैत्री आहे. कार्तिकीला कपाशीची वेचणी आडवी येते हे मला ठाऊक आहे, पण वेचणी दोन दिवस थांबते, वाफसा थांबत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट लागू झाले, तेव्हापासून आमच्या गावातून पंढरपूरच्या गाडीला लुगड्यांची गर्दी दिसू लागली. आणि ज्यांना जायचेच नाही, ज्यांना खरोखर वाफ्यातच देव दिसतो, त्या बायांना कुणी ओढून नेऊ नये. त्या सावतोबांच्या खऱ्या वारसदार.

तुमच्या घरी हा पेच कसा सोडवता? पेरणी कोण सांभाळतो, धार कोण काढतो, आणि मागच्या पाच वर्षांत कुणाच्या किती वाऱ्या झाल्या, हे एका पोस्टकार्डावर मावेल. बाईमाणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पत्रे आधी वाचीन.